कठडा सोडला की तोल का जातो? आइस स्केटिंगचा बॅलन्स आणि टेक्निक

प्रश्न थोडक्यात असा होता: वय पस्तिशीचं, रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, काही वेळा जाऊन झालंय, कठडा धरून पुढे सरकता येतं पण सोडला की पाय थरथरतात, घोटे आत वळतात, अगदी ताठ उभं राहूनही मागेच पडायला होतं आणि एका पायावर तर क्षणभरही टिकता येत नाही. व्हिडिओ भरपूर बघून झालेत. मग बॅलन्स येतो तरी कुठून, आणि आधी काय शिकायचं? मी बरीच वर्षं लहानांना आणि मोठ्यांना स्केटिंग शिकवतोय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी ते ‘ताठ उभं राहूनही’ घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. तुम्ही ताठ उभे राहता म्हणूनच मागे पडता. जमिनीवर तोल जरा ढळला की पायाची बोटं जमीन पकडतात, टाच दाबली जाते, नाहीच जमलं तर आपण एक पाऊल मागे टाकतो, हे सगळं घर्षणाच्या जिवावर चालतं. बर्फावर ब्लेडच्या लांबीच्या दिशेने घर्षण जवळजवळ नसतंच, चांगल्या ब्लेडचा घर्षण गुणांक ०.००५ च्या आसपास धरतात आणि कोरड्या रस्त्यावर रबरी सोलचा तो ०.७ च्या आगेमागे असतो, म्हणजे फरक शंभर पटीपेक्षा जास्त. अशा जागी गुडघे लॉक करून उभं राहिलं की तोल सावरायला फक्त कंबर उरते, मग कंबरेतून पुढे वाकायचं, घाबरून एकदम मागे यायचं आणि तेवढ्यात पाय सटकन पुढे निघून जायचे, हे ठरलेलं. गुडघा आणि घोटा दोन्ही वाकलेले असले की बर्फाचा प्रत्येक खड्डा-उंचवटा, प्रत्येक छोटी चूक ते दोन सांधे परस्पर जिरवून टाकतात आणि वरच्या अंगाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता गुडघे वाकवा म्हटलं की बहुतेक लोक खुर्चीत बसल्यासारखे मागे बसतात. ते नाही करायचं. वाकायचं ते घोट्यातून पुढे. बूट घालून उभे राहा आणि नडगी बुटाच्या जिभेवर दाबा, जिभेचा दाब नडगीला सतत जाणवला पाहिजे. मग एकदाच खाली नजर टाका, गुडघ्याने बुटाचं टोक झाकलेलं दिसलं की वाकणं पुरेसं आहे. टोक दिसतंय म्हणजे अजून वाका. खांदे साधारण गुडघ्यांच्या वर, छाती उघडी, हात कमरेच्या जरा वर, पुढे आणि बाजूला पसरलेले, कायम दोन्ही हात डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतील असे. हात मागे गेले की खांदे मागे जातात आणि खांदे मागे गेले की तुम्ही मागे जाता. नजर समोर. डोकं साधारण चार-पाच किलोचं असतं, ते सगळ्यात वर बसलेलं असतं, आणि तुम्ही खाली पायाकडे बघितलं की तेवढं वजन पुढे लटकतं, वर डोळ्यांना स्थिर असं काही बघायला मिळत नाही ते वेगळंच.

वजन तळव्यावर नेमकं कुठे, हे मला सारखं विचारतात. पुढे जाताना साधारण तळव्याच्या मध्यावर, चवड्याच्या जरा मागे. मागे जाताना मात्र चवड्यावर. पुढे जाताना वजन पार बोटांवर गेलं तर फिगर स्केटच्या पुढच्या टोकाला जे दात असतात, टो पिक, ते बर्फात रुततात आणि तुम्ही तोंडावर येता. टो पिक हा ब्रेक नाही हो, खूप जण तो ब्रेक समजून पाय मागे घासतात. तो उड्यांसाठी आणि स्पिनसाठी आहे, तुम्हाला सध्या त्याचा काहीही उपयोग नाही, तो बर्फाला लागल्याचा खर्र असा आवाज आला की वजन पुढे गेलंय एवढंच त्यातून ओळखायचं.

घोटे आत वळतात त्याबद्दल. ‘माझे घोटे कमजोर आहेत’ असं जवळपास प्रत्येक नवीन माणूस सांगतो आणि दहातल्या आठ-नऊ वेळा दोष बुटाचा निघतो. माझ्याकडे एक बाई यायच्या, एका पायावर ग्लाइड, म्हणजे न ढकलता नुसतं घसरत जाणं, काही केल्या जमेना, स्वतःला दोष देऊन थकल्या होत्या. मी त्यांना बेंचवर बसवलं आणि टाचेच्या वर, घोट्याच्या मागे बोटं घालून बघितली तर माझी दोन बोटं आरामात आत जात होती, शिवाय आत जाड लोकरीचे मोजे. पाय बुटात डुलत होता आणि त्या डुलणाऱ्या पायाने ब्लेड सरळ धरायचा प्रयत्न चालला होता. बूट एक साइज खालचा दिला, पातळ मोजे घातले, लेस नीट बांधली, त्याच दिवशी घोटे उभे राहिले. तेव्हा बूट नेहमीच्या चपला-बुटांच्या नंबरावर घेऊ नका, स्केट बहुतेक वेळा अर्धा ते दीड साइज लहान लागतो (ब्रँडप्रमाणे बदलतं). बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, दुमडता कामा नयेत, आणि गुडघा वाकवल्यावर टाच वर उचलली जाता कामा नये. टाच उचलली जातेय म्हणजे बूट मोठा, विषय संपला.

लेस बांधण्याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून सांगतो. बोटांवरच्या भोकांमध्ये सैलसर, पाय जिथे वाकतो तिथे म्हणजे पावलाच्या वरच्या भागावर सगळ्यात घट्ट, आणि वरच्या हुकांमध्ये घट्ट पण एक बोट आत जाईल एवढी जागा ठेवून, नाहीतर घोटा पुढे वाकणारच नाही आणि मग मी वर जे काही लिहिलंय ते सगळं वाया. दहा मिनिटं स्केटिंग केल्यावर बाहेर येऊन एकदा परत बांधा, बूट तापला की लेस सैल पडतेच.

बूट नीट झाला की ब्लेड समजून घ्या, कारण बॅलन्सचं गणित तिथे आहे. ब्लेडचा तळ सपाट नसतो. फिगर स्केटचं ब्लेड साधारण चार मिलिमीटर जाड असतं, तळाला लांबीभर एक खोबणी असते, आणि खोबणीच्या दोन कडांना दोन धारा, आतली आणि बाहेरची, त्यांना एज म्हणतात. शिवाय ब्लेड लांबीला किंचित गोलाईत असतं, पुढून मागे, सात किंवा आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा तसं. या दोन गोष्टींमुळे काय होतं, तर ब्लेड जरासं कुठल्याही बाजूला कललं की ते सरळ न जाता त्या बाजूला वळायला लागतं. नवीन माणूस इथे घाबरतो, त्याला वाटतं पाय भरकटला, आणि तो जोर लावून ब्लेड पुन्हा बरोब्बर सरळ करायला बघतो. आणि ती बरोब्बर सरळ अवस्था ही सगळ्यात कठीण आहे, दोन्ही धारांवर समान वजन ठेवून सरळ रेषेत एका पायावर जाणं हे अनुभवी लोकांनाही कष्टाचं काम आहे! एजवर असणं त्यापेक्षा सोपं आणि जास्त स्थिर. म्हणून माझं ठाम मत असं आहे की बॅलन्स शिकायचा असेल तर एजवर जायला लवकर शिका, हळूच, मोठ्या वळणावर, पण लवकर. सरळ उभं राहणं पक्कं झाल्यावर एज बघू असं म्हणणारे महिनोन्महिने थरथरत राहतात.

तुम्ही एजवर आहात की नाही हे बर्फच सांगतो. सेशनच्या सुरुवातीला, बर्फ नुकताच साफ केलेला असताना, एका पायावर थोडं घसरा, थांबा आणि मागे जाऊन तुमची रेघ खाली वाकून बघा. केसाएवढ्या दोन बारीक समांतर रेघा दिसल्या तर तुम्ही दोन्ही धारांवर होतात. एकच स्वच्छ रेघ आणि ती हळूहळू वळत गेलेली, म्हणजे एक एज. रेघ आधी एक, मग मध्येच दोन, मग दुसऱ्या बाजूला एक, असं दिसलं तर घोटा मध्ये डगमगला, आणि नेमका कुठे डगमगला ती जागाही तिथे दिसते. १९९० पर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये कंपल्सरी फिगर्स असायच्या, स्केटर बर्फावर आठाचे आकार काढायचे आणि परीक्षक त्या रेघा जवळ जाऊन तपासायचे. स्पर्धेतून ते गेलं, पण शिकायला त्याच्याइतकं प्रामाणिक साधन मला तरी दुसरं माहीत नाही. व्हिडिओ काढण्यापेक्षा रेघ बघा.

आता क्रम. पहिल्या काही मिनिटांत कठड्यापासून हातभर अंतरावर राहा, धरू नका, लागलाच तर हात टेकता येईल एवढंच. कठड्यावर रेललं की तुमचं वजन त्याच्यावर जातं आणि पायांना काही शिकायलाच मिळत नाही. ढकलत न्यायच्या त्या प्लॅस्टिकच्या आधारांचंही तेच, माणूस त्यावर पुढे झुकतो, पार्श्वभाग मागे जातो, आणि आधार काढला की पहिल्यापासून सुरुवात. लहान मुलांना पहिल्या दिवशी ठीक, मोठ्यांनी टाळावा.

जागच्या जागी पाय उचलून मार्च करा, मग तसंच चार पावलं पुढे आणि दोन्ही पायांवर घसरू द्या. मग स्विझल, म्हणजे टाचा जुळवून टोकं बाहेर, गुडघे वाकवत पाय बाहेर जाऊ द्यायचे, खांद्यांपेक्षा जरा रुंद झाले की टोकं आत वळवून गुडघे सरळ करत परत जवळ आणायचे. यात पाय बर्फावरून उचलावेच लागत नाहीत म्हणून भीती कमी, आणि गुडघा खाली-वर करून वेग कसा तयार होतो हे अंगात भिनतं. स्विझलवर मी लोकांना कंटाळा येईपर्यंत ठेवतो, कारण पुढे स्ट्रोकिंगमध्ये, म्हणजे एकेका पायाने ढकलत पुढे जाण्यात, जो पुश लागतो तो हाच, फक्त एका पायाने.

पुशबद्दल एकच गोष्ट डोक्यात ठेवा. चालताना आपण पायाच्या टोकाने मागे ढकलतो, बर्फावर ते चालत नाही, ब्लेड मागच्या मागे निसटतं किंवा टो पिक खरवडतं. ब्लेडची पकड आडव्या दिशेला आहे. म्हणून ढकलणारा पाय बाहेर वळवायचा, आतल्या एजने, ब्लेडच्या पूर्ण लांबीने बाजूला ढकलायचं. पुश संपताना तो पाय सरळ, आणि ज्यावर तुम्ही जाताय तो गुडघा वाकलेला. दोन्ही पाय एकाच वेळी सरळ झालेले दिसले तर पुशचा निम्मा जोर वाया गेला.

मग येतो एका पायावरचा ग्लाइड, तुमचा मुख्य प्रश्न. लोक काय करतात, दोन पायांच्या मध्ये वजन ठेवून एक पाय नुसता उचलतात, तो साहजिकच धप्पकन परत खाली येतो. पाय उचलायच्या आधी वजन पूर्ण दुसऱ्या पायावर न्यायचं. डोकं, कुल्हा, गुडघा आणि चवडा एका उभ्या रेषेत आले, मोकळा पाय इतका हलका झाला की आपोआप उचलला जाईल, तेव्हाच उचला, घोट्याएवढाच. आणि एक बारीक गोष्ट, मोकळ्या पायाच्या बाजूचा कुल्हा खाली पडू देऊ नका. तो पडला की अंग त्या बाजूला कलतं, खालचा घोटा आत वळतो आणि पाय टेकवावाच लागतो. हे कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूचं काम आहे, दिवसभर बसून काम करणाऱ्यांचा तो हमखास झोपलेला असतो. घरी दात घासताना एका पायावर उभे राहा, गुडघा किंचित वाकवून, आरशात दोन्ही कुल्हे एका पातळीत आहेत का बघत. जमलं की डोळे मिटून करा. भिंतीला धरून एका पायाच्या चवड्यावर उठणं, हळू सिंगल लेग स्क्वॉट (एका पायावरची बैठक), एवढंच पुरे, जिमची मोठमोठी वजनं लागत नाहीत.

दोन्ही पायांवर तीन-तीन सेकंद ग्लाइड जमायला लागला की थेट एजवर. हॉकीच्या रिंकवर जी लाल फेसऑफ वर्तुळं आखलेली असतात त्यांची त्रिज्या साडेचार मीटर असते, त्यावर काम करा. वर्तुळाच्या आतल्या बाजूच्या पायावर बाहेरचा एज, बाहेरच्या पायावर आतला एज. इथे झुकायचं किती, असं विचारतात. झुकणं आपण ठरवायचं नसतं, ते वेगावर आणि वळणावर ठरतं. या वर्तुळावर ताशी साधारण ११ किलोमीटरने गेलात तर शरीर ११-१२ अंश आत कलतं, वेग दुप्पट केला तर हाच कोन चाळिशीच्या जवळ जातो. म्हणून हळू जात असताना जबरदस्तीने झुकलं की माणूस आत पडतो, आणि वेगात असताना घाबरून ताठ झाला की वळणाबाहेर फेकला जातो. झुकताना घोट्यापासून डोक्यापर्यंत एकच रेघ, कंबरेत मोडायचं नाही, आतला खांदा खाली टाकायचा नाही. घोटा आणि गुडघा वर्तुळाच्या आत दाबा, बाकी अंग आपोआप मागून येतं. बाहेरच्या एजची भीती सगळ्यांना वाटते कारण आत पडू असं वाटतं. त्याला उपाय एकच, खूप वेळा, अगदी हळू.

थांबणं मी मुद्दाम एवढ्या खाली लिहिलंय पण शिकायचं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या सेशनलाच. स्नोप्लाऊ स्टॉप, म्हणजे ब्लेड बाजूला घासून थांबणं, आधी कठड्याजवळ उभ्या उभ्या करा, एका पायाने बाजूला बर्फ खरवडा, पांढरा चुरा निघाला पाहिजे. चुरा निघत नाही आणि ब्लेड रुततंय म्हणजे ब्लेड जास्त कललंय, ते जवळजवळ सपाट ठेवा आणि त्या पायावरचं वजन कमी करा. तेच मग हळू चालत्या वेगात. टी स्टॉपमध्ये (एक पाय दुसऱ्याच्या मागे आडवा, इंग्रजी T सारखा, धरून थांबणं) मागचा पाय बाहेरच्या एजवर घासायचा असतो, बहुतेक जण आतल्या एजवर ओढत नेतात, तसं केलं की अंग फिरतं आणि ब्लेडची धारही जाते.

पडण्याचीही प्रॅक्टिस करा, खरंच करा. तोल जातोय असं वाटलं की आणखी खाली बसा, एका बाजूला कला आणि कुल्ह्याच्या मांसल भागावर पडा, हनुवटी छातीला लावून. हात मागे टेकवायचा नाही, मनगट मोडतं ते त्यामुळेच. पडल्यावर मुठी मिटून हात पोटाशी घ्या, बोटांवरून कुणाचं ब्लेड जायला नको. उठताना आधी गुडघ्यांवर या, मग एक पाय पुढे सपाट ठेवा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून उभे राहा. पस्तिशीला हेल्मेट आणि रिस्ट गार्ड घालण्यात काहीच कमीपणा नाही, उलट भीती कमी झाली की गुडघे आपोआप वाकतात. आणि मनगटावर पडलात आणि नंतर अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की दुखत राहिलं, तर सूज नसली तरी डॉक्टरांना दाखवा, तिथलं छोटं हाड मोडलेलं पटकन कळत नाही.

ब्लेडला धार आहे का हेही बघा. भाड्याचे स्केट कित्येकदा बोथट असतात आणि बोथट ब्लेड बाजूला सरकतं, मग तुम्हाला वाटतं टेक्निक चुकलं. नखावर धार हलकेच आडवी लावून बघा, नखाचा बारीक कीस निघाला पाहिजे, आणि दोन्ही धारांनी सारखाच. स्वतःचे नवीन घेतले तर वापरायच्या आधी धार लावून घ्यावी लागते का ते विचारून घ्या, आणि मग साधारण वीस-तीस तासांनी परत. प्रत्येक वेळी ब्लेड फडक्याने कोरडं पुसा, कडक प्लॅस्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते, बॅगेत ठेवताना काढा, नाहीतर आत ओल राहून गंज चढतो.

वयाची काळजी करू नका. जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला खास मोठ्यांसाठी आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा भरते आणि तिथे तिशी-चाळिशीत पहिल्यांदा स्केट घातलेले लोकही उतरतात. लहान मुलांपेक्षा तुम्हाला वेळ जास्त लागेल कारण तुमचं गुरुत्वमध्य वर आहे आणि पडण्याची भीती खरी आहे, पण मोठी माणसं कारण समजलं की पटकन सुधारतात.

महिन्यातून एकदा तीन तास घालवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पाऊण तास जा. थकलेल्या पायांना गुडघे सरळ करायची सवय लागते आणि ती मोडायला फार त्रास होतो, त्यामुळे मांड्या भरून आल्या की बाहेर या. असं नियमित केलंत तर स्विझल आणि दोन पायांचा ग्लाइड थोड्याच सेशनमध्ये येईल, एका पायाचा विश्वासाने यायला साधारण दोन-तीन महिने धरा, दोघांपैकी एक पाय मागे राहीलच, त्याला दुप्पट वेळ द्या. क्रॉसओव्हर (वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकत जाणं), थ्री टर्न (एकाच पायावर दिशा बदलून पुढचं मागे वळणं) वगैरे सगळं बाहेरचा एज दोन्ही पायांवर अर्ध्या वर्तुळभर टिकल्यावर. त्याआधी क्रॉसओव्हर करणारे पाय नुसता उचलून दुसऱ्यावरून टाकतात, एज नसतोच, आणि मग ती सवय सोडवायला माझ्यासारख्याकडे यावं लागतं.